धाकटीचं कसं होणार?

परवाच्या रविवारी डोंबिवलीला मावशीकडे जेवायला गेलो होतो. जेवण हे निमित्त. खरं कारण असं, की माझ्या थोरल्या मावसबहिणीने घरी सांगून टाकलं होतं की तिला एका मुलाशी लग्न करायचंय. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, कल्याणला राहणारा. फक्त "आपल्यातला" नाही. मला बोलावलं होतं मध्यस्थीला, आणि मी आपल्याच बाजूने बोलणार अशी दोन्ही पार्ट्यांना खात्री होती.

काका आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आमटीभात कालवता कालवता ते शांतपणे म्हणाले, "मुलगा वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. पण हिच्या पाठीवर एक बहीण आहे. उद्या धाकटीचं कसं होणार?"

सगळे गप्प. मी पण गप्प, पण वेगळ्या कारणाने. हेच वाक्य मी महिन्याभरापूर्वी ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे पाहिलं होतं, कारण सिनेमा मुका होता आणि बोलणारा म्हातारा फ्रेंच होता.

एक फ्रेंच बाप

सिनेमाचं नाव 'ला दाम ओ कामेलिया'. १९११ साली चित्रित झाला आणि १९१२ मध्ये लोकांपुढे आला. 'फिल्म दार' नावाच्या कंपनीने काढला. ही कंपनी १९०८ पासून नाटकातले मोठे नट आणि गाजलेली कथानकं सिनेमात आणत होती, म्हणजे सिनेमा हा जत्रेतला खेळ नाही, कला आहे, असं लोकांना पटावं. नायिका सारा बर्नहार्ट, त्या काळातली जगातली सगळ्यात प्रसिद्ध नटी. वय सदुसष्टच्या आसपास, आणि भूमिका विशीतल्या तरुणीची! नायक तिच्या वयाच्या निम्माही नसेल. कॅमेरा एका जागी ठोकल्यासारखा. माणसं नाटकात येतात तशी येतात आणि जातात.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल, निदान तिची नातवंडं तरी माहीत असतीलच. अलेक्झांडर ड्युमा (धाकटा, 'थ्री मस्कटिअर्स'वाल्याचा मुलगा) याने १८४८ मध्ये कादंबरी लिहिली, १८५२ मध्ये तिचं नाटक झालं. मार्गरीट ही पॅरिसमधली गणिका. आर्मां हा बऱ्या घरचा मुलगा. दोघं प्रेमात पडतात, शहर सोडून खेड्यात राहायला जातात. मग एक दिवस आर्मां घरी नसताना त्याचा बाप येतो. तो आधी तडकतो खरा, पण ही बाई पैशामागे नाही हे कळल्यावर त्याचा सूर बदलतो. आणि मग तो ठेवणीतलं अस्त्र काढतो: आर्मांला एक बहीण आहे. तिचं लग्न ठरलंय. भावाचं हे प्रकरण मिटलं नाही तर मुलाकडचे लग्न मोडतील. तेव्हा तू त्याला सोड.

मार्गरीट सोडते. खरं कारण आर्मांला सांगत नाही. तो तिला बेइमान समजतो, चारचौघांत तिच्या अंगावर पैसे फेकतो. ती क्षयाने मरते. बहिणीचं लग्न होतं.

मूळ जिच्यावरून गोष्ट सुचली ती मारी द्युप्लेसी खरीच होती. १८४७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी क्षयाने गेली. याच गोष्टीवर व्हेर्दीने 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा केला. त्याचा पहिला प्रयोग व्हेनिसला ६ मार्च १८५३ रोजी झाला आणि पडला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पण मी ठाणेकर असल्यामुळे जगाच्या इतिहासातली कुठलीही तारीख दिसली की ती आमच्या गाडीच्या आधीची की नंतरची हे बघतो. एकेकाला खोड असते. असो.

सिनेमा पाहिल्यावर माझ्या डोक्यात प्रश्न आला तो असा. मूकपटांच्या काळात इकडे, आपल्याकडे, ही गोष्ट कुणी केली का? दोघांचं प्रेम, घरच्यांचा नकार, मध्ये अडकलेली धाकटी. आपल्याकडे तर या गोष्टीला कच्चा माल घरोघरी पडलेला. मग कुठे आहे तो मूकपट?

कच्चा माल होता का?

सिनेमा आपल्याकडे आला तोच फ्रेंच लोकांबरोबर. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने पहिला खेळ केला, तिकीट १ रुपया. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. पुढच्या पंधरा वर्षांत पाथेसारख्या फ्रेंच कंपन्यांची रिळं मुंबईत नेहमी लागत. दादासाहेब फाळक्यांना ज्या सिनेमाने झपाटलं तो ख्रिस्ताच्या चरित्रावरचा बोलपट नव्हे, मूकपटच, त्यांनी गिरगावात १९१०-११ च्या सुमारास पाहिला. म्हणजे नमुने समोर होते. फ्रेंच विनोदी रिळांत तर प्रियकर, प्रेयसी आणि आडवा येणारा बाप ही त्रयी सारखी यायची. आपल्या लोकांनी ते पाहिलं, आणि घरी येऊन काय केलं? 'राजा हरिश्चंद्र' (१९१३), 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८).

याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे, आपले लोक धार्मिक. मला ते अपुरं वाटतं. धार्मिक फ्रेंचही होते. मला वाटतं कारण जास्त साधं आहे, आणि त्यासाठी कल्याणला जायला हवं.

कल्याणला १८६५ मध्ये यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टात कारकून. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. हीच पुढे आनंदीबाई जोशी, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली. आनंदीबाई अपवादात्मक होत्या, पण त्यांचं लग्नाचं वय अपवादात्मक नव्हतं. संमतिवयाचा कायदा आला १८९१ मध्ये, आणि त्याने वयाची मर्यादा दहावरून बारा केली, यावर केवढं रण माजलं! शारदा कायदा १९२९ मध्ये पास झाला, १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्यात मुलीचं वय १४. (हे नाव कायदा मांडणाऱ्या हरबिलास सारडांवरून आलं. देवलांच्या १८९९ सालच्या 'संगीत शारदा' नाटकाशी त्याचा संबंध नाही. पण विषय तोच, बालिकेचं लग्न, हा योगायोग भारी आहे.)

आता विचार करा. नवव्या वर्षी मुलीचं लग्न होत असेल तर ती प्रेमात पडणार कधी? आणि बाप विरोध कशाला करणार? विरोध करायला आधी मुलीने काहीतरी मागायला हवं. आमच्या भाषेत सांगायचं तर ते फंक्शन कधी कॉलच होत नव्हतं. पांढरपेशा मराठी घरातली अविवाहित, वयात आलेली, स्वतःचं मत असलेली नायिका त्या काळच्या समाजात शोधूनही सापडायला कठीण होती. मग सिनेमात कुठून आणणार?

अशी नायिका एकाच ठिकाणी होती. पुराणात. तिथे मुली मोठ्या होईपर्यंत बिनलग्नाच्या असतात, त्यांची स्वयंवरं होतात, गांधर्वविवाह चालतात. रुक्मिणी, सुभद्रा, सावित्री. धोतर-पगडीतल्या बापासमोर जे बोलता येत नव्हतं ते मुकुटातल्या बापासमोर बोलता येत होतं. म्हणून आपल्याकडे प्रेमकथा नेसली ती पौराणिक शालू. ही निव्वळ भक्ती नव्हती, सोयही होती.

बलरामदादाचा नकार

याचा सगळ्यात सुंदर नमुना सिनेमाच्या आधीचा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र', १८८२. आपल्याकडे नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला, मग तो गडकरी रंगायतनला असो की डोंबिवलीत फुले नाट्यगृहात, सौभद्रातलं पद झाल्याशिवाय लोक उठत नाहीत. पण पदांच्या नादात आपण गोष्ट विसरतो. गोष्ट शुद्ध घरगुती आहे. सुभद्रेचं अर्जुनावर प्रेम आहे. थोरला भाऊ बलराम याने तिला दुर्योधनाला द्यायचं ठरवलंय. बलराम दुष्ट नाही. तापट आहे, भोळा आहे, आणि आपण बहिणीचं भलंच करतोय अशी त्याची पक्की समजूत आहे. धाकटा भाऊ कृष्ण उघड विरोध करत नाही, आतून सूत्रं हलवतो. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो आणि बलराम स्वतःच त्या ढोंगी संन्याशाची भक्तिभावाने सरबराई करतो, बहिणीला त्याच्या सेवेला ठेवतो! शेवटी लग्न लागतं आणि बलरामाला ते मान्य करावं लागतं.

किर्लोस्करांनी इथे एक फार मोठा बदल केलाय, तो मला महाभारत उघडल्यावर कळला. आदिपर्वात अर्जुन सुभद्रेला पाहतो, कृष्णाला विचारतो, आणि कृष्ण म्हणतो की स्वयंवराचा भरवसा नाही, मुलीचं मन कुठे जाईल कोणी सांगावं, तेव्हा सरळ पळवून ने. सुभद्रेला कोणी विचारतच नाही. ते खरोखरचं हरण आहे. किर्लोस्करांच्या नाटकात मात्र सगळं सुभद्रेच्या मनाभोवती फिरतं. तिला काय हवंय हे पहिल्यापासून स्पष्ट आहे. ती रडते, रुसते, अडून बसते, गाते. १८८२ साली, संमतिवयाच्या कायद्याच्या नऊ वर्षं आधी, मराठी रंगभूमीवर एक मुलगी शंभरावर पदांच्या नाटकात सांगत होती की मला तो नको, हा हवा. (मुलीच्या वेषात पुरुष नट असायचा ही गोष्ट वेगळी. ती पुढे येतेच.)

सुरेखाहरण, १९२१

आता मूकपट. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, जन्म १८९०, आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवायचे म्हणून पेंटर. फाळक्यांचा सिनेमा पाहून त्यांनी आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले आनंदराव यांनी स्वतः कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये वारले, पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. पुढे 'प्रभात'मुळे गाजलेले दामले त्यांच्या मदतीला होते. लेथवर सुटे भाग कातून त्यांनी खरंच चालणारा कॅमेरा उभा केला. डॉक्युमेंटेशन नाही, सपोर्ट नाही, समोर फक्त चालू असलेलं मशीन आणि आपली अक्कल. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी या माणसाचा फोटो क्युबिकलमध्ये लावायला हवा.

त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. पुण्यात तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. आणि १९२१ मध्ये आला 'सुरेखाहरण'. व्ही. शांताराम पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते या सिनेमात.

सुरेखा म्हणजे बलरामाची मुलगी. तिलाच कुठे वत्सला म्हणतात, दक्षिणेत शशिरेखा. तेलुगू-तमिळ 'मायाबाजार' (१९५७) हीच गोष्ट. व्यासांच्या महाभारतात ती नाही, लोकांनी मागाहून रचलेली आहे, आणि म्हणूनच ती जास्त आपली वाटते. सुरेखाचं लग्न लहानपणीच आत्याच्या मुलाशी, म्हणजे सुभद्रेच्या अभिमन्यूशी, ठरलेलं. दोघांचं मन जुळलेलं. पण मधल्या काळात पांडव द्यूतात सगळं हरतात. पाहुणे कंगाल झाले! मुलीकडच्यांना आता दुर्योधनाचा मुलगा लक्ष्मण जास्त बरा वाटायला लागतो. मग घटोत्कच येतो, मायेने सुरेखाचं रूप घेऊन मांडवात बसतो, वऱ्हाडाची दाणादाण उडवतो आणि खरी सुरेखा अभिमन्यूला मिळते.

गंमत बघा. सौभद्रातही नकार देणारा बलराम आणि इथेही बलरामाचंच घर. तिथे बहिणीसाठी, इथे मुलीसाठी. आणि सुभद्रा, जिला एकेकाळी घरच्यांनी नाही म्हटलं होतं, ती आता मुलाची आई म्हणून दाराबाहेर उभी आहे. महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, त्यामुळे "मामाने शब्द मोडला" हे दुःख प्रेक्षकाला समजावून सांगायला पाटी लागत नसणार.

हा सिनेमा ज्या गावात तयार झाला तिथे त्याच वेळी काय चाललं होतं? कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये असंच विधेयक मांडलं होतं, ते बारगळलं. १८७२ चा विवाह कायदा होता, पण त्याखाली लग्न करायचं तर "मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही" असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीनंतर हिंदूंना ही अट राहिली नाही. आणि शाहू महाराज हे बाबूराव पेंटरांच्या कंपनीचे आश्रयदातेही होते. म्हणजे एकाच गावात, एकाच राजाच्या छायेत, दोन-तीन वर्षांच्या अंतराने एक कायदा आणि एक सिनेमा तयार झाला. दोन्हींचा विषय: घरच्यांनी नाही म्हटलं तर काय?

एकाने दुसऱ्यावरून प्रेरणा घेतली असं मी म्हणत नाही. त्याला पुरावा नाही. पण फरक बघण्यासारखा आहे. सिनेमात अभिमन्यू क्षत्रिय, राजपुत्र, आत्याचाच मुलगा. सुभद्रेचा अर्जुनही तसाच, आत्याचा मुलगा. जात जुळते, कुळ जुळतं, नातंसुद्धा जुळतं. नकार आहे तो फक्त श्रीमंत-गरिबाचा किंवा थोरल्याच्या हट्टाचा. आपल्या पौराणिक प्रेमकथांनी बंड केलं, पण कुंपणाच्या आत केलं. कायदा मात्र कुंपणाबाहेर गेला होता. त्या बाबतीत राजा सिनेमाच्या पुढे होता.

आणि दुसरा फरक फ्रेंच गोष्टीशी. तिथे बाप समोर बसून बोलतो आणि प्रेमिकेला पटवतो. आपल्याकडे थोरल्याशी कोणी बोलतच नाही. त्याला फसवतात. संन्याशी होतात, मायेने मुलगी बदलतात, आणि सगळं झाल्यावर कृष्ण येऊन "दादा, आता रागवू नकोस" म्हणतो. बलराम हरत नाही आणि बदलतही नाही, फक्त निवळतो. आम्ही याला वर्कअराउंड म्हणतो. प्रॉडक्शन चालू राहतं, मूळ बग तसाच. पुढच्या पिढीत, मुलीच्या वेळी, तोच परत वर येतो.

पडद्यावर कोण?

आता मार्गरीटकडे परत. कारण मला सगळ्यात जास्त टोचलं ते इथे.

पॅरिसमध्ये देशातली सर्वात मोठी नटी गणिकेची भूमिका करते आणि जग टाळ्या वाजवतं. मुंबईत १९१२-१३ मध्ये फाळके तारामती शोधत होते. हरिश्चंद्राची राणी, पतिव्रतांची पतिव्रता. कुलीन घरातल्या बायका तयार होणं शक्यच नव्हतं. फाळके वेश्यावस्तीत गेले, तर तिथल्या बायकांनीही नाही म्हटलं. सिनेमात जाणं त्यांनाही कमीपणाचं वाटलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. 'लंकादहन'मध्ये तर त्यांनी राम आणि सीता दोन्ही केले.

त्याच सुमारास फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोन बायका उभ्या राहिल्या: दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. दुर्गाबाईंनी नवऱ्यापासून वेगळं होऊन, मुलीला घेऊन, पोटासाठी नाटक कंपनीत काम धरलं होतं. त्या काळी याची किंमत काय असेल ते सांगायला नको. (कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी.) बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री'त बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या, आणि त्यांच्या कंपनीला भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेने. हे पुन्हा वाचा. कोल्हापूरच्या सिनेमाचा पहिला पैसा एका गाणाऱ्या बाईचा.

म्हणजे गोष्ट सांगितली जात होती सुभद्रा-सुरेखाची, पण ती पडद्यावर आणत होत्या त्या बायका मार्गरीटच्या जातकुळीच्या होत्या. ज्यांना कुठल्याही बऱ्या घराने "हिच्यामुळे आमच्या धाकटीचं लग्न मोडेल" असंच म्हटलं असतं. त्यांची स्वतःची गोष्ट मूकपटात कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. करायला पाहिजे होती.

सामाजिक विषयाकडे बाबूराव वळले ते १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये, पण तिथे विषय प्रेम नव्हता, कर्ज होतं. लग्नाबद्दल मुलगी स्वतः "नाही" म्हणते हे आजच्या वेषात, ठसठशीत दिसायला १९३७ उजाडलं, प्रभातचा 'कुंकू', दिग्दर्शक शांताराम. 'सावकारी पाश' आणि 'कुंकू' दोन्हींच्या मागे लेखक एकच, नारायण हरी आपटे. आणि १९३७ पर्यंत शारदा कायदा येऊन सात वर्षं झाली होती. मुली वाढायला लागल्या होत्या. आता विचारायला कोणीतरी होतं.

राहिलं काय?

'सुरेखाहरण' आज पाहता येत नाही. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास सिनेमे झाले, त्यातले पूर्ण-अपूर्ण मिळून तीसेक उरलेत. नायट्रेटची फिल्म पटकन पेटायची, नाही पेटली तर आपोआप विरघळायची, आणि चांदी काढायला विकली जायची. बॅकअप नावाची गोष्ट कुणाच्या डोक्यात नव्हती. १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांची रिळं अक्षरशः माळ्यांवरून गोळा केली, म्हणून जे आहे ते आहे. बर्नहार्ट मात्र एका क्लिकवर मरताना दिसते.

आमच्या कल्याणच्या नावाचाही एक मूकपट होता, 'कल्याण खजिना', १९२४, पेंटरांचाच. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं, तेव्हाची सुभेदाराच्या सुनेची गोष्ट. तिला समकालीन पुरावा नाही, पण महाराष्ट्राला ती पाठ आहे. त्याचं रंगीत पोस्टर मात्र टिकलंय. शाळेत असल्यापासून ही गोष्ट ऐकतोय आणि दर वेळी ऊर भरून येतो. या वेळी मात्र पहिल्यांदा वाटलं, या गोष्टीत ती सून एक अक्षर तरी बोलते का? सुभेदार आहे, सरदार आहे, महाराज आहेत. ती फक्त सन्मानाने परत जाते. मूकपट येण्याआधीपासून ती मूकच होती.

तसं बघितलं तर फ्रेंच सिनेमातली बहीणही तशीच. सगळी शोकांतिका तिच्या नावावर घडते. बाप तिच्यासाठी येतो, मार्गरीट तिच्यासाठी मरते. पण तिला कोणी विचारलं का, की बाई गं, तुझ्या लग्नासाठी असं असं चाललंय, तुला हे चालेल का?

परत डोंबिवली

आता कायदा आपल्या बाजूने आहे. १९४९ मध्ये हिंदूंमधले आंतरजातीय विवाह देशभर वैध झाले, १९५४ चा विशेष विवाह कायदा कुणाला धर्म सोडायला लावत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी ठरवलं असेल तर घरच्यांची वा समाजाची संमती लागत नाही. तरी १९५४ च्या कायद्यात तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावायची तरतूद आहेच. तीस दिवस, म्हणजे बलरामाला द्वारकेहून यायला भरपूर वेळ.

पण काका बलराम नाहीत. काका आर्मांचे वडील आहेत. ते कोर्टात जाणार नाहीत, कोंडून ठेवणार नाहीत. ते फक्त एक वाक्य बोलतील आणि थोरली ते आयुष्यभर घेऊन फिरेल. आणि खरं सांगू? मला त्यांचा राग येत नव्हता. त्यांची भीती खोटी नव्हती. लोक बोलतात, स्थळं फिरतात, हे त्यांनी पाहिलंय. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या फ्रेंच माणसाचंही काही चुकलं नव्हतं, त्याने हिशोब बरोबर मांडला होता. फक्त त्या हिशोबात ज्या मुलीचं नाव होतं तिची सही नव्हती.

मी हे सगळं जेवणाच्या टेबलावर बोललो नाही. बर्नहार्ट आणि बाबूराव पेंटर काढले असते तर मावशीने ताक वाढून विषय बदलला असता. मी एवढंच म्हणालो, "काका, धाकटीला विचारलंत?"

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात पापडाची थाळी घेऊन उभी होती. एकविसाचं वय, शेवटचं वर्ष. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने थाळी टेबलावर ठेवली.

"बाबा, तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर तुमच्या नावाने म्हणा," ती म्हणाली. "माझं नाव घेऊ नका. ताईमुळे जे स्थळ मोडेल ते मलाच नकोय."

काका काही बोलले नाहीत. पापड मोडून त्यांनी अर्धा तिच्यापुढे केला. अजून हो म्हणालेले नाहीत. पण काल मावशीचा फोन आला होता, त्या मुलाला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय. मलाही ये म्हणालीये.